नुसता धरायचा पाइप

ब्रायरचं लाकूड आपल्याकडं होत नाही. समुद्रापलीकडच्या एका झुडपाच्या मुळाशी, जमिनीत वाढणारी ती गाठ. तिचे ठोकळे मी टपालानं मागवतो. कस्टमवाल्यानं एकदा फोन करून विचारलं होतं, "काका, हे नक्की काय आहे?" मी म्हटलं, रताळं समजा.

साताऱ्यातल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मी तेहतीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर गोडोलीच्या घरामागं पत्र्याची शेड उभारली आणि तंबाखूचे पाइप करायला लागलो. स्वतः मी ओढत नाही. बायको म्हणायची, सुपारी खायची नाही आणि अडकित्त्यांचा कारखाना काढायचा, त्यातली गत.

पाइप घासून गुळगुळीत करता येतो, नाहीतर त्यावर रेती मारता येते. बंद लोखंडी पेटीत पाइप ठेवायचा, पेटीला जोडलेल्या रबरी मोज्यांत हात घालायचे आणि काचेतून बघत, पायानं पेडल दाबून कॉम्प्रेसरच्या हवेनं रेतीचा झोत सोडायचा. मऊ लाकूड उडून जातं, टणक रेषा वर राहतात. जिथं रेती लागू द्यायची नाही तिथं चिकटपट्टी लावायची. पट्टीखालचं लाकूड होतं तसंच राहतं. यात गूढ असं काही नाही.

सुभेदार उदयसिंह माझा शाळेपासूनचा मित्र. बर्फातल्या पोस्टिंगवर त्याच्या उजव्या अंगठ्याचं वरचं पेर गेलं होतं, त्यामुळं गुळगुळीत पाइप हातातून निसटायचा. पुढं डॉक्टरांनी तंबाखूच बंद केली, तरी तो रेती मारलेल्या पाइपासाठी मागं लागला.

"पेटवणार न्हाई रं. नुसता धरायला दे. हात मोकळा ऱ्हायला की कसनुसं हुतं."

मी हो म्हणालो आणि चौदा महिने लावले. चार पाइप केले, चारही नापास केले. एकाच्या बुडाशी मोहरीएवढा खड्डा निघाला, एकाची रेषा मध्येच तुटली. उदयसिंह दर गुरुवारी शेडमध्ये स्टुलावर येऊन बसायचा.

"ह्योच दे की."

"खड्डा आहे त्याला."

"मला न्हाई दिसत त्यो खड्डा, बाळासो."

"मला दिसतो."

ऑक्टोबरात एका सकाळी तो दूध आणायला निघाला आणि दारातच कोसळला. पाचवा पाइप तेव्हा माझ्या शेडमध्ये तयार होता. फक्त रेती मारायची राहिली होती.

सावडायच्या दिवशी संयोगितावहिनींनी मला बाजूला बोलावलं. "भावजी, दहाव्याला पिंडाजवळ त्यांचा पाइप ठेवायचाय. त्यातच जीव हुता त्यांचा. जसा हाय तसा आणा."

"आणतो," मी म्हणालो. पण अर्धवट काम माझ्या हातून कधी शेडबाहेर गेलेलं नाही. माझ्या मित्राच्या पिंडाजवळ तर नाहीच नाही.

दुसऱ्या दिवशी पाइपच्या तोंडात बूच घट्ट बसवलं, बुचाला लाकडी दांडी लावली आणि ती डाव्या मोज्यात धरून रेती मारली. दांडी अशासाठी, की बोटं लाकडाला लागू नयेत. पाइप बाहेर काढला तेव्हा एका अंगाला चार गुळगुळीत पट्टे राहिले होते. तिथं रेती लागलीच नव्हती. दुसऱ्या अंगाला एक पट्टा होता, आखूड.

हाताचं तेल लागलं असेल. स्पिरिटनं पुसला, हवेचा दाब वाढवला आणि पुन्हा रेती मारली. आजूबाजूच्या रेषा खोल गेल्या. पाचही पट्टे जिथल्या तिथं होते, उलट त्यांच्या कडा जास्त स्पष्ट झाल्या होत्या. मी व्हर्नियरनं मापं घेतली. आखूड पट्ट्याचं माप घेतलं आणि व्हर्नियर खाली ठेवलं.

खरं सांगतो, भीती वाटली नाही. राग आला. चार पाइप गेले, आता पाचव्यालाही खोट!

चार दिवस मी शेडकडं फिरकलो नाही. नवव्या दिवशी दुपारी कॉम्प्रेसर पूर्ण दाबावर लावला आणि झोत नेमका पट्ट्यांवर धरला.

पाइप ओढला गेला.

ओढ हलकी होती. आपल्यासाठी केलेली वस्तू आपण देणाऱ्याच्या हातून घेतो, तेवढीच.

पाइप पेटीतल्या जाळीवर पडला की त्याची कड फुटते. मी मूठ आवळली. झोत हलवला नाही.

काचेतून दिसत होतं. पहिला पट्टा गेला. मग दुसरा. तिसरा आणि चौथा बरोबरच गेले.

आखूड पट्टा बराच वेळ टिकला.

मग तोही गेला आणि मुठीतली ओढ थांबली.

रेती लाकडाला एवढी खाते, तर कातड्याचं काय करत असेल, हे मला पेडलवरून पाय काढल्यावर सुचलं.

पाइप निर्दोष झाला होता. चहूबाजूंनी एकसारख्या रेषा. असं काम आयुष्यात माझ्या हातून झालं नव्हतं. मी तो समोर ठेवून हमसाहमशी रडलो.

दहाव्याला संगम माहुलीच्या घाटावर पिंडाजवळ पाइप ठेवला. कावळे झाडावर भरपूर होते. खाली उतरायचे, पिंडापासून दोन हातांवर थांबायचे आणि परत जायचे. मुलानं, वीरधवलनं हात जोडून आईला सांभाळीन म्हटलं, बहिणीचं लग्न करीन म्हटलं. कावळा शिवेना.

"आनी काय ऱ्हायलंय का बघा," कुणीतरी म्हातारा म्हणाला.

वहिनी पाइपाकडं बघत होत्या. "लय देखणा झालाय," त्या म्हणाल्या. "पर मी जसा हाय तसा मागितला हुता, भावजी."

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. लोक कपडे झटकत उठले.

मी पाइप उचलला आणि घाटाच्या खालच्या पायरीवर गेलो. वहिनी मागून आल्या.

"सोडा आता," त्या म्हणाल्या.

ब्रायर तरंगतं. मी बादलीत टाकून पाहिलेलं आहे. मी पाइप पाण्यावर ठेवला आणि मूठ उघडली.

तो वाहिला नाही, बुडालाही नाही. पाणी नितळ होतं, खालच्या चार-पाच पायऱ्या दिसत होत्या. त्यांना न टेकता, त्यांच्या जरा वरून पाइप एकेक पायरी उतरू लागला. प्रत्येक पायरीवर थोडा थांबून.

वहिनींनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"सावकाश जावा," त्या पाण्याकडं बघून म्हणाल्या.