शेपटी बदललेली फाइल

"फाइल मेली हो!" वास्तुकार बाईंनी दारातच सांगितलं. "पाचच्या आत स्पर्धेला पाठवायची आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या एकटीच्या नावावर काम होतं."

गुप्तहेर घारूने घड्याळ पाहिलं. तीन वाजले होते. त्याच्या सोबतीला असलेल्या मास्तरांनी वही काढली आणि खिशातून डोकावणारं पाकीट आत सारलं. एका जुन्या अशिलाने घारूला पाठवलेलं. आत कौतुकच असणार, म्हणून तीन दिवस ते द्यायला मास्तरांचा जीव होत नव्हता. शाळेत पहिला नंबर त्यांचा, घारू मागच्या बाकावरचा. आणि आता लोक विचारायचे घारूला, वही धरायचे मास्तर. जळफळाट व्हायचा अगदी.

कचेरीत तीन संगणक, पण फाइलींचा फोल्डर सामायिक. बाईंनी 'ग्रंथालय' या नावावर क्लिक केलं. 'हे चित्र उघडता येत नाही,' असा संदेश आला.

"काल केवढी होती?" घारूने विचारलं.

"एकशे बारा एमबी. आजही तेवढीच. हाताने काढलेले चाळीस नकाशे स्कॅन करून एक पीडीएफ केली होती. पुन्हा करायची तर दोन दिवस जातील."

"व्हायरस, दुसरं काय!" मास्तर लिहिता लिहिता म्हणाले.

बाईंचा भागीदार आपल्या जागी धुमसत होता. "आजवर नाव माझं पुढे असायचं. जळतोच मी, लपवू कशाला? पण फाइलीला हात लावलेला नाही." त्याच्या पडद्यावर 'जिना', 'छत', 'ग्रंथालय' अशी नुसती नावं होती.

"चोराच्या मनात चांदणं," मास्तर कुजबुजले.

बाईंची थोरली बहीण पत्रव्यवहार सांभाळायची. तिच्या पडद्यावर 'निमंत्रण.डॉक', 'शिक्का.जेपीजी' अशी नावं ओळीने लागली होती. "धाकटीला पेन्सिल धरायला मीच शिकवलं," ती डोळे पुसत म्हणाली. "मीही काढायचे नकाशे. मग आईचं आजारपण आलं, राहूनच गेलं." मास्तरांना भरून आलं.

साडेचारला घारूने सगळ्यांना एकत्र बोलावलं.

"फाइल मेलेली नाही. आकार तसूभरही बदललेला नाही. मग संगणक पीडीएफला चित्र का म्हणतो? कारण नावामागची शेपटी, म्हणजे टिंबापुढची अक्षरं, कुणीतरी बदलली. ती बघूनच तो फाइल कशाने उघडायची ते ठरवतो. डब्यात साखरच आहे, वर चिठ्ठी मिठाची."

"पण शेपटी दिसते कुठे?" बाईंनी विचारलं.

"तुमच्या पडद्यावर ती लपवलेली आहे, भागीदारांच्याही. त्यांनी नावापुढे काही जोडलं असतं तरी लपलेली खरी शेपटी मागे शाबूत राहिली असती. शेपट्या दिसतात एकाच पडद्यावर."

सगळ्यांनी थोरलीकडे पाहिलं.

"पुसूनच टाकणार होते," ती म्हणाली. "हात धजावला नाही. तिचं नाव छापून येणार आणि मी पाकिटं चिकटवत बसणार! नाही सहन झालं."

घारूने तिच्याच संगणकावर 'जेपीजी' खोडून 'पीडीएफ' लिहिलं. नकाशे उघडले. बाईंनी खुर्ची थोरलीकडे सरकवली.

"ताई, पाठव आता. तूच पाठव. भांडण पाचनंतर."

रस्त्यावर येताच मास्तरांनी पाकीट पुढे केलं. "तीन दिवस माझ्याकडे आहे. फाडणार होतो."

"ठाऊक आहे. कड दिसत होती."

"मग मागितलंस का नाही?"

"तू देशील, अशी खात्री होती. वाच तूच, मोठ्याने."

मास्तरांनी पाकीट फोडलं आणि मोठ्याने वाचायला घेतलं. 'तुमच्या मास्तरांनी त्या दिवशी वहीत वेळ टिपली नसती, तर मी आज तुरुंगात असतो.'

पुढचं त्यांना वाचवेना.