बगळ्याने कोंबडीला घातलेली मागणी

पेरिन छापखान्यातून वर आली, तेव्हा तिच्या टेबलाशी एक अनोळखी माणूस बसून तिचंच सूप मन लावून पीत होता.

“या, बसा ना,” तो अदबीने उठत म्हणाला. “यजमान येईपर्यंत मी सुरुवात केली. रागावणार नाहीत ना ते?”

“कोण यजमान?”

“वकीलसाहेब. त्यांच्याकडे जेवायला बोलावलंय मला.”

“वकीलसाहेब पलीकडच्या गल्लीत राहतात. हे माझं घर आहे, आणि ते माझं सूप आहे!”

त्याने वाडग्याकडे पाहिलं. बाहेर त्र्वा शहराच्या उतरत्या छपरांवर पाऊस कोसळत होता आणि त्याच्या केसांतून पाणी निथळून थेट तिच्या पावावर पडत होतं. “तरीच...” तो पुटपुटला. “वकिलाच्या घरचं सूप इतकं छान लागतंय, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.”

पेरिनला हसू आलं. तिथेच सगळं बिघडलं बघा. तेव्हाच त्याला बखोट धरून बाहेर काढलं असतं, तर पुढचा डोक्याचा ताप वाचला असता.

त्याचं नाव साविन्याँ. बोलणाऱ्या प्राण्यांच्या गोष्टी तो पद्यात लिहायचा. अख्खा शाम्पान्य प्रांत त्याच्या लांडग्यांवर आणि गाढवांवर खळखळून हसायचा, पण पुस्तक अजून निघालं नव्हतं. ते छापायचं काम पेरिनने घेतलं. पॅरिसच्या एका डचेसने त्याला कळवलं होतं, पुस्तक निघालं की माझ्या वाड्यावर या, खोली आणि जेवण माझ्याकडे, तुम्ही फक्त लिहा.

पेरिन विधवा होती. नवरा गेल्यापासून छापखाना तीच चालवत होती, कारण मुद्रकांच्या संघाचा नियमच तसा होता: मालक गेला तर त्याच्या बायकोने धंदा चालवावा, पण विधवा आहे तोवरच. धंद्याबाहेरच्या माणसाशी लग्न केलं, की छापखान्याला कुलूप. धंद्यातल्या कारागिराशी केलं तर हरकत नव्हती. तसे दोघे-तिघे येऊन गेलेही, पण त्यांची नजर पेरिनपेक्षा तिच्या यंत्रावरच जास्त फिरायची. ती अक्षरांचे खिळे जुळवायला शिकली होती, शाई घोटायला शिकली होती. तो छापखाना म्हणजे तिचा जीव होता.

आणि त्या जिवाच्या मुळावर हा माणूस रोज सकाळी हजर!

“तेवढा एक शब्द बदलायचाय...” तो दारातूनच सुरुवात करायचा.

“जुळवलेल्या पानाचा फर्मा आवळलाय. आता काही बदलणार नाही.”

“पण कोल्हा असं बोलणार नाही हो, पेरिनबाई. फार सज्जन वाटतो तो.”

“मग काल लिहिताना तुमचं डोकं कुठे होतं?”

“इथेच विसरलो होतो बहुतेक,” तो गोड हसून म्हणायचा.

छापखान्यातला म्हातारा कामगार ब्लेझ यंत्रामागे खुसुखुसु हसायचा. पेरिन कपाळाला शाईचा हात मारून घ्यायची, फर्मा सोडायची, कोल्ह्याला पुन्हा लबाड करायची. अन् तेवढ्यात हा कोपर लावून खिळ्यांचा खण सांडायचा! नाकी नऊ आणले होते मेल्याने.

पुस्तकातली शेवटची गोष्ट त्याने स्वतःच आणून हातात ठेवली. रोज एका कोंबडीच्या अंगणात येऊन तिचं काम बिघडवणारा एक वेंधळा बगळा. कोंबडी खुराडं सांभाळते आणि येईल त्याला टोचते. एक दिवस बगळा तिला नदीकाठी राहायला चल म्हणतो.

पेरिनने दोनदा वाचलं. “ही कोंबडी कोण?”

“काल्पनिक आहे.”

“तिच्या पंखांना शाई लागलीय.”

“हो का?” त्याचे कान लाल झाले. “शेवट तेवढा राहिलाय. ती काय म्हणते... तुम्हीच सांगा.”

यंत्र थांबलं. ब्लेझला एकाएकी अंगणात काहीतरी काम आठवलं.

“अहो, कसं सांगू तुम्हाला?” पेरिनचा आवाज चढला. “नदीकाठ तुमचा! खुराडं गेलं तर माझं काय उरलं? तुमच्याशी लग्न केलं, तर उद्या संघाची माणसं येऊन कुलूप ठोकतील. मी काय डचेसच्या वाड्यात तुमची शाई वाळवत बसू?”

“हा नियम... मला माहीत नव्हता.”

“तुम्हाला काय माहीत असतं? कोंबडी नाही म्हणते. छापते मी तसं.”

तिने त्याच्यासमोर ती ओळ जुळवली. पहिल्यांदाच त्याने एकही शब्द बदलला नाही. टोपी उचलली आणि गेला.

पुस्तक छापून झालं. सकाळी कोणी येईना, काही सांडेना, कामं वेळेवर व्हायला लागली. या सुखाने पेरिन इतकी वैतागली, की ब्लेझशी नीट बोलेना आणि यंत्राचा दांडा रागारागाने ओढायची.

“यंत्राचा काय दोष, मालकीणबाई?” ब्लेझ म्हणाला. “दांडा मोडेल.”

“तो पॅरिसला गेला असेल एव्हाना. न भेटता!”

“तुम्हीच नाही म्हणालात ना?”

“म्हणाले! मग? त्याने ऐकायचं कशाला?”

तेवढ्यात दार ढकलून साविन्याँ आत आला. अंगावर त्याला आखूड होणारा चामडी एप्रन, बंद उलटे बांधलेले.

“संघाकडून येतोय,” तो धापा टाकत म्हणाला. “शिकाऊ म्हणून उमेदवारी मागितली. आधी सगळे पोट धरून हसले. पण लॅटिन-ग्रीक वाचता येणारा अविवाहित माणूस हवा, एवढीच त्यांची अट. मी वाचून दाखवलं.”

“उमेदवारी? या वयात? कोणाकडे?”

“तुमच्याकडे. तुम्ही घेतलंत तर.” तो थांबला. “चार वर्षं. मग मी कारागीर होईन. मग... कुलूप लागणार नाही.”

पेरिनने हातातला खिळा भलत्याच खणात टाकला. त्याचा तिला आणखीच राग आला. “आणि डचेस? तिला काय कळवलंत?”

त्याचा चेहरा पडला. “अरे देवा... ते राहिलंच.”

“हात टेकले तुमच्यापुढे! इतकं मोठं घर सोडताय, आणि तिला कळवायचं विसरलात? इथे रोज हात काळे होतील. लिहायला वेळ मिळायचा नाही. खिळा उलटा लावलात, तर मी सगळ्यांदेखत ओरडेन.”

“ते तर तुम्ही आताही ओरडता.”

“हसू नका! चार वर्षांत माझे केस पांढरे होतील तुमच्यामुळे.”

“म्हणजे घेताय मला?” त्याने हळूच विचारलं. “पण कोंबडी तर नाही म्हणाली. छापलंयत तुम्ही.”

“छापलं ते छापलं, त्यात आता बदल नाही,” पेरिन म्हणाली. तिने त्याला खांद्याला धरून पाठमोरा केला आणि एप्रनचे उलटे बंद सोडून नीट बांधायला लागली. गाठ काही केल्या बसेना. “तिचं ती बघेल. मी हो म्हणतेय.”