न आलेला कॅमेरा

"एक कॅमेरा हवा होता भाड्याने."

"कुठला?"

"तो... अजून आलेला नाही."

श्रुतिकाने मान वर केली. अंधेरीच्या त्या गाळ्यात कॅमेरे आणि लाइट भाड्याने देणाऱ्या दुकानाच्या काउंटरवर बसून तिने नाना तऱ्हेची माणसं पाहिली होती. लेन्सचं झाकण न काढता दिवसभर शूटिंग केलेले पाहिले होते, स्टँड एका जागी विसरून त्याची पिशवी तेवढी इमानाने परत आणणारे पाहिले होते. पण जी वस्तू जगात आलेलीच नाही ती भाड्याने मागणारा हा पहिलाच. वैशाखातली दुपार, बाहेर रस्ता तापून निघालेला, आणि हा समोर उभा — कपाळावर घाम, खांद्याला जुनाट काळी बॅग, आणि चेहऱ्यावर भाव असा, की जणू देवळात नवस बोलायला आलाय.

"आलाच नाही तर देऊ कुठून?" ती म्हणाली.

"आल्यावर द्या. पहिल्यांदा मला, एवढंच म्हणतोय. येणार तो. कंपनीने काल फोटो टाकलाय."

त्याने फोन पुढे केला. फोटो कसला... अख्खी काळीकुट्ट चौकट आणि तिच्यात कुठल्याशा कडेची एक उजळ रेघ, बीजेच्या चंद्रकोरीएवढी.

"एवढ्या रेघेवर बुकिंग?"

"नीट बघा ना. वर फुगवटा नाही. म्हणजे डोळा लावायची खिडकी एका बाजूला असणार. आणि ही खालची वळणं बघा, मूठ केवढी मोठी आहे."

"तुम्ही मुलगी बघायला गेलात आणि दाराआडून पदराचं टोक दिसलं, तर तेवढ्यावर साखरपुडा उरकून याल."

फोन खिशात ठेवता ठेवता तो हळूच म्हणाला, "पदर कुणाचा आहे, त्यावर आहे."

आता लाजायची पाळी तिची होती. तिने उगाच एक लेन्स पुसायला घेतली, जी सकाळीच पुसून झाली होती.

त्याचं नाव यज्ञेश. राहायला घाटकोपरला, काम साकीनाक्याला. तिथल्या एका कारखान्यात घडणाऱ्या दागिन्यांचे फोटो तो काढायचा. अंगठ्या, पैंजण, मंगळसूत्रं. जगातल्या सगळ्या लग्नांचं सोनं याच्या डोळ्यांखालून जायचं आणि हा स्वतः बिनलग्नाचा, हे श्रुतिकाला दुसऱ्या भेटीत कळलं. कारण तिने विचारलं.

मग दर शुक्रवारी तो येऊ लागला. कधी एखादा लाइट न्यायला, कधी ठेवायला, आणि कधी दोन्ही नसताना. बोलणं एकच. तो न आलेला कॅमेरा.

"ऐकलंस? म्हणे वजन कमी केलंय."

"म्हणे, म्हणे. तुझ्या कॅमेऱ्याचं नाव 'म्हणे'च ठेवू या का?"

"तुम्ही"चं "तू" कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. काउंटरवर टपरीवरचे दोन चहा यायचे आणि त्या रेघेवर वाद रंगायचा. शटर म्हणजे कॅमेऱ्याची पापणी. ती बॉडीत असेल, असं यज्ञेशचं ठाम मत. लेन्समध्ये असेल, असं श्रुतिकाचं.

"लागली पैज," तो म्हणाला. "मी जिंकलो तर तू माझ्यासमोर फोटोला बसायचं."

"आणि हरलास तर?"

"तू सांगशील ते."

"बघ हं, सांगशील ते म्हणालायस."

"पण एवढं काय आहे रे त्यात?" तिने एकदा खरोखरच विचारलं. नवा येणार तो मोठ्या सेन्सरचा, म्हणजे चित्र टिपणारी आतली पट्टी मोठी असलेला; पण तसे जुने कॅमेरे दुकानातल्या कपाटातही होते. "हवा तर आमच्याकडचा ने ना एखादा."

"नवा येणारच आहे, मग आत्ता जुना कशाला?" मग त्याचा आवाज जरा खाली आला. "कसं आहे ना श्रुतिका, माझ्या कॅमेऱ्यात सावली नुसती काळी होते. मोठ्या सेन्सरमध्ये सावलीतसुद्धा माणूस उरतो. आणि माझ्या सेन्सरवर एक ठिपका चिकटलाय. जातच नाही. ॲपर्चरचं भोक बारीक केलं की दिसतो. प्रत्येक अंगठीच्या फोटोत मधोमध, जरा वर. रोज तो पुसत बसतो कॉम्प्युटरवर."

"म्हणून माझा एकही फोटो काढला नाहीस?"

"तुझा त्या नव्यानेच काढणार."

ती हसली, पण ते वाक्य घरापर्यंत तिच्याबरोबर आलं. गोड होतं आणि कुठेतरी टोचतही होतं. एखादं माणूस इतकं आवडावं, की त्याच्यासाठी योग्य असं काही अजून तयारच झालेलं नसावं... मग त्या माणसाने करायचं काय? वाट बघत बसायचं?

श्रावण उजाडला. सरी येत होत्या, जात होत्या. कॅमेऱ्याची तारीख एकदा जाहीर झाली आणि पुढे गेली. त्यातच सर्वेशसरांनी, म्हणजे दुकानाच्या मालकांनी, श्रुतिकाला केबिनमध्ये बोलावलं. हैदराबादला नवी शाखा निघत होती आणि ती चालवायला त्यांना तीच हवी होती. उत्तर सोमवारी हवं होतं.

शुक्रवारी तिने यज्ञेशला सांगितलं. सांगताना त्याच्या डोळ्यांकडे बघत राहिली.

"अरे वा," तो म्हणाला. चहाचा ग्लास त्याने उचलला, न पिताच खाली ठेवला. "मोठं काम आहे... जाणार?"

"विचार करतेय. तुला काय वाटतं?"

बाहेर पत्र्यावर सर वाजून गेली. यज्ञेश नेहमीच्या आडोशाला गेला. "पुढच्या आठवड्यात नक्की येतोय म्हणे. एकदा तो आला ना, की मग..."

"मग काय?"

"मग बघू ना."

श्रुतिकाला वाटलं, हातातला ग्लास जरा जोरात आपटावा. तिने तो हळूच ठेवला. "रविवारी संध्याकाळी आईचं कीर्तन आहे, मुलुंडला, आमच्या देवळात. ये. आणि कॅमेरा आण. आहे तोच."

तिची आई, सुलक्षणाबाई, मुलुंड पूर्वेला गेली कित्येक वर्षं श्रावणात कीर्तन करायची. नऊवारी नेसून उभी राहिली की घरात भाजीवाल्याशी घासाघीस करणारी बाई हीच, हे सांगून खरं वाटू नये. पेटीला लेक. श्रुतिकाला लहानपणापासून ते एक सुख होतं. आईचा सूर पुढे जातो आणि आपण बोटं धरून मागे चालायचं, बास. बाकी जगाची वाट लागली तरी चालेल.

यज्ञेश आला. मागच्या खांबाशी मांडी घालून बसला, कॅमेरा मांडीवर. सुलक्षणाबाईंनी नमन केलं, पूर्वरंग सुरू झाला. देव सगळं पुरतं झाल्यावर येत नाही, त्याचं येणं झालं की सगळं पुरतं होतं, असं त्या सांगत होत्या आणि सभामंडप माना डोलावत होता. यज्ञेशने एकदा कॅमेरा डोळ्याला लावला. पेटीच्या दिशेने. श्रुतिकाच्या बोटांना ते कळलं. पण क्लिक झालं नाही. कॅमेरा पुन्हा मांडीवर गेला.

मग नामाचा गजर झाला. सगळे टाळ्या वाजवू लागले. यजमानांनी आईला हार घातला, बुक्का लावला, बायकांनी हळदीकुंकू दिलं. बुक्क्याची वाटी श्रोत्यांत फिरू लागली. एका काकूंनी वाकून श्रुतिकाच्याही कपाळी बोट टेकवलं आणि तिने मान वर केली तेव्हा... खांबाशी यज्ञेश बॅगेची चेन लावत होता. तो उठला. दाराशी चपला शोधल्या. आणि गेला.

तिचा एक सूर चुकला. आईने न बघता भुवई उचलली आणि उत्तररंगाला सुरुवात केली. आख्यान एका माळ्याचं होतं. श्रुतिका वाजवत राहिली. मनात मात्र एकच... अर्ध्यातून उठून गेला. तेवढंही थांबावंसं वाटलं नाही त्याला.

सोमवारी सकाळी सर्वेशसरांना तिने हो सांगून टाकलं. आणि सांगताना तिच्या लक्षात आलं, हा "हो" नुसत्या रागाचा नव्हता. शाखा तिला चालवायची होतीच.

दुपारी यज्ञेश आला. शुक्रवार नसताना.

"कीर्तन झकास झालं," तो म्हणाला.

"किती ऐकलंस?"

"सगळं. अगदी शेवटपर्यंत."

ती थंडपणे बघत राहिली. "शेवटी काय झालं रे?"

"हार घातला. बुक्का लावला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुझ्याभोवती बायका जमल्या होत्या. म्हटलं, घरचीच माणसं आहेत, आपण मध्ये कशाला. कोपऱ्यावर उभा होतो मी वडापावच्या गाडीपाशी, तू येशील म्हणून. कुणीच बाहेर येईना. मग वाटलं, आत जेवणं असतील."

श्रुतिकाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. कालपासूनचा सगळा राग हसू होऊन बाहेर पडायला बघत होता.

"अरे, ते मध्यंतर होतं."

"काय होतं?"

"मध्यंतर. आधी पूर्वरंग असतो, त्यात नुसता विचार सांगतात. मग हार, बुक्का. आणि मग गोष्ट. गोष्ट तर नंतरच असते, यज्ञेश."

"आमच्या आळीत भजनाच्या डबलबाऱ्या होतात. हार घातला की सत्कार, आणि सत्कार झाला की बारी संपली." त्याने कपाळाला हात लावला. "म्हणजे मी गोष्टीच्या आधीच उठलो?"

"नेहमीसारखा."

तो चपापला. काउंटरवरचे चहा निवत होते. मग म्हणाला, "सांग ना. काय होती गोष्ट?"

तिने सांगितली. एक माळी होता. देवाला रोज हार करायचा नेम. एक दिवस झाडावर अशी कळी दिसली, की तो म्हणाला, ही उमलली की तिचाच हार करीन. उमलली, तर शेजारी तिच्याहून सुंदर कळी. मग तिच्यासाठी थांबला. असं करता करता देवाचा गळा मोकळाच राहिला. शेवटी एके रात्री देव स्वप्नात येऊन म्हणाला, "अरे, मला फूल कुठे हवं होतं? तू रोज यायचास, ते हवं होतं."

रस्त्यावर ऊन पडलं होतं आणि उन्हातच बारीक सर येत होती.

"मी सरांना हो म्हटलंय," ती हळूच म्हणाली. "हैदराबादला."

"हं."

"हं काय?"

"मला वाटायचं..." तो अडखळला. "चांगला कॅमेरा येईल, चांगलं काम मिळेल, मग तुझ्यासमोर नीट उभा राहीन आणि सांगेन. आवडतेस म्हणून. पहिल्या दिवसापासून. त्या पदराच्या टोकापासून." मग उसनं हसून म्हणाला, "आता काय, संपलंच ना."

"यज्ञेश, हे मध्यंतर आहे. आता तरी उठून जाऊ नकोस."

त्याने तिच्याकडे पाहिलं. एकदम नाही... आधी काउंटरवरच्या तिच्या बोटांकडे, मग डोळ्यांत.

"हैदराबादला मोती असतात ना?" तो म्हणाला. "मोत्यांचे फोटो काढणारा कुणीतरी लागतच असेल."

"लागत असेल, म्हणे."

त्याने बॅग उघडली. जुना कॅमेरा काढला. ती दाराशी उभी राहिली, अर्धा चेहरा उजेडात, अर्धा सावलीत. त्याने ॲपर्चर बारीक केलं, तेही मुद्दाम, हे तिला चकतीच्या कटकट आवाजावरून कळलं. मग दोन पावलं डावीकडे सरकला, जरा वाकला. क्लिक.

तेवढ्यात काउंटरवरचा त्याचा फोन थरथरला. श्रुतिकाने डोकावून पाहिलं.

"आला रे."

"कोण?"

"तुझा तो. पापणी लेन्समध्ये आहे."

"म्हणजे हरलो." फोनकडे त्याने पाहिलंही नाही. "बोल, काय करू?"

"पुढचं कीर्तन. पहिल्या रांगेत. आरतीचं ताट समोरून जाईपर्यंत हलायचं नाही."

"कबूल." त्याने कॅमेऱ्याचा पडदा तिच्याकडे वळवला. सावली काळी आली होती, पण तिच्यातून ती हसताना दिसत होती. आणि दोन भुवयांच्या बरोब्बर मध्ये, काल काकूंनी बोट टेकवलं होतं तिथेच, तो ठिपका.

"पुसशील ना नंतर?"

"सगळ्या अंगठ्यांवरचा पुसला," यज्ञेश म्हणाला. "हा राहू दे."