दुसरा हात

घर रंगवताना माणसं कुठं कुठं चुकतात हे मी कोणालाही सांगू शकतो, कारण त्यातली एकही चूक मी सोडली नाही. ओल्या भिंतीवर लांबी भरली. जुने पोपडे न खरवडता त्यांच्यावरच प्लास्टिक पेंट फासला. डबे दोन खेपांत आणले, तर एक सायीच्या रंगाचा निघाला आणि दुसरा हळदीकडे झुकलेला. खालून वर रंगवत गेलो, मग वरचे ओघळ खालच्या कामावर. कोरपन्याकडच्या एका सिमेंट कारखान्यात जन्म काढला, प्रयोगशाळेत मालाचा ओलावा तपासायची नोकरी केली, आणि घरची भिंत ओली की कोरडी हे पाहायला तिला साधा हात लावला नाही. हसा.

पण रंगारी मिळाला असता तर मी कशाला ब्रश धरला असता? पोंभुर्ण्याकडं आमचं गाव, आणि दिवस धानकापणीचे. झाडून सगळं गाव बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात. हरिदास रंगाऱ्याला गाठलं, तर तो विळ्याला धार लावत म्हणाला, कापणी आटोपली की येतो भाऊ. कापणी आटोपली की! माझी लेक दिव्यानी त्याच्या आधी बाळंतपणाला येणार होती.

दिव्यानीला दमा आहे. तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं. तेव्हा ती राहायची ती भाड्याची खोली ओलीनं काळी पडलेली, आणि तिला रात्ररात्र श्वास पुरायचा नाही. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून बजावलं होतं, कोरडी खोली द्या, बुरशीचा वास येत असेल तर तिला तिथं निजवूच नका. आमच्याकडं देण्यासारखी मागची एकच खोली. मातीच्या भिंतींची, छुईनं म्हणजे आमच्याकडच्या पांढऱ्या मातीनं पोतलेली, आणि पावसाळ्यानं काळे डाग पडलेली. म्हणून हा सगळा खटाटोप.

मोबाइलवर एक पोरगा अशी भिंत रंगवतो की वाटावं, यात काय मोठं? मीही तसाच रोलर फिरवला. संध्याकाळी खोली चकाचक. सकाळी पाहतो तर पापुद्रे लोंबताहेत आणि आत पहिल्याहून काळं. आशाबाई, म्हणजे आमची मंडळी, दारात उभी राहून म्हणाली की मातीच्या भिंतीला प्लास्टिक गुंडाळल्यावर ओल जाईल कुठं. मी तिच्यावर खेकसलो. तिचं बरोबर होतं, म्हणूनच खेकसलो.

मग सगळं खरवडून काढलं. नुसती माती दिसेपर्यंत. दारं-खिडक्या सताड उघडी टाकून भिंती वाळू दिल्या. आशाबाईनं छुई भिजवली आणि मी पोतायला लागलो, पण एक हात पुरा होतो न होतो तोच उजवा खांदा जाम झाला. रंगाच्या थराला आपण हात म्हणतो. पहिला हात, दुसरा हात. एका हातात मातीचे डाग झाकले जात नाहीत, दुसरा लागतोच. आणि दिव्यानी उद्याच्या बसनं निघणार.

मी भिंतीला टेकून बसलो. रडायचाच बाकी होतो. खोलीत कोणी नव्हतं, तरी तोंडातून निघून गेलं, "कोनी दुसरा हात देऊन द्या रे बाप्पा. मी तुमचा करून देईन."

कापणीच्या दिवसांत इकडं हे वाक्य ज्याच्या त्याच्या तोंडी असतं. सावडीची बोली ती. आज तू माझ्या बांधीत, उद्या मी तुझ्या. पैशाचं नाव नाही, हाताला हात. दिवसभर कानावर पडलेलं तेच तोंडात आलं, याउपर त्यात काही नव्हतं.

सकाळी दार उघडलं. दुसरा हात झाला होता.

चारही भिंती पांढऱ्याशुभ्र. हातानं पोतताना उमटतात तशा अर्धगोल फटकाऱ्यांच्या ओळी, वरून खाली, एकसारख्या. दारामागचा कोपरा, खिडकीची खाच, कवेलूच्या छपराखालची लाकडी बल्ल्यांची बाजू, मी कंटाळून सोडलेलं सगळं झालं होतं. बादली धुऊन पालथी घातलेली. शिडी मात्र अंगणात तणशीच्या ढिगाखाली होती तशीच होती, आणि तिच्याशिवाय त्या उंचीला माझाही हात पोचत नाही. छुईचा हात वाळायला उन्हाचा दिवस लागतो. मी या वेळी तळवा लावून पाहिला. भिंत खडखडीत कोरडी.

आशाबाईला विचारलं, तिनं नाही म्हटलं. शेजारच्या सोमारीबाईला विचारलं, तर ती हसायलाच लागली. आम्ही धान कापता कापता मरून राहिलो, म्हणाली, आणि तुमची भिंत पोतायला कोण येतं भाऊ?

आशाबाई मात्र भिंतीजवळ जाऊन एकेका फटकाऱ्यावर बोट फिरवत राहिली. काही फटकारे रुंद होते, काही आखूड. काही डावीकडून वळलेले.

"हे एकीचं काम नाई," ती म्हणाली. "गंज जनी होत्या."

कोणी का असेना! माझी पोर त्या खोलीत निजली आणि पहिल्या रात्रीपासून तिची घरघर ऐकू आली नाही. पंप उशाशी ठेवलेला, त्याला हात लावावा लागला नाही. दिवस भरले, दवाखान्यात मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. तिला घेऊन आलो तेव्हा मी आधी त्या खोलीत गेलो आणि भिंतीला डोकं टेकवलं. मी देवळातही फारसा वाकत नाही, पण त्या दिवशी पोटातून वाकलो. नंतर रोज सकाळी खोलीत जाऊन, कोणी असो नसो, तुमचे लय उपकार, असं म्हणायची सवयच लागली. आशाबाई ऐकायची. एकदा न राहवून म्हणाली, "अजी, सावड उपकार मानून फिटत नसते. हातानंच फिटते."

मी म्हटलं, बोलवा म्हणावं, येतो. खुशीत होतो.

बारसं झालं आणि त्यानंतरची एक सकाळ. जाग आली ती खांदा ठणकत होता म्हणून. पाहतो तर दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे. वाळलेली छुई, बोटांच्या पेरांत तडकलेली. तळपायाला चिखल. दाराची कडी आतून लावलेली.

घाबरलो नाही. खरं सांगतो, बरं वाटलं. घेतलेलं परत करायला मिळालं की माणूस हलका होतो.

आशाबाईनं काही न विचारता चुलीवर पाणी ठेवलं. ती हंडा उचलायला वाकली तेव्हा पदर सरकला. तिचेही हात पांढरे होते.

मी गावभर फिरलो. नवी पोतलेली भिंत कुठंच नव्हती. आमच्या टेकडीच्या छुईला पिवळट झाक असते. हातावरच्या छुईला निळसर होती.

असं काही दिवस चाललं. मग थांबलं. खांद्याचा ठणका उतरला, तळपाय स्वच्छ राहू लागले. फिटलं असं मी धरून चाललो. सोमारीबाईच्या घरी गूळ वाटून आलो.

काल सकाळी दिव्यानी बाळाला घेऊन चुलीपाशी आली. तिचा चेहरा उतरलेला होता.

"बाबा, हिची मूठ उघडून नाई राह्यली."

मी आशाबाईकडं पाहिलं. ती पाणी तापवतच होती.

"खोली कोनासाठी पोतली होती?" ती हळूच म्हणाली. "आपल्यासाठी थोडीच?"

कोमट पाणी वाटीत घेतलं. त्यात ती इवलीशी मूठ धरली. बोटं एकेक करून सुटली, आणि पाणी पांढरं झालं.

बाळ जागं झालं नाही. श्वास अगदी मोकळा चालला होता. झोप मात्र गाढ होती, कामावरून आलेल्या माणसाची. मी तिचा उजवा खांदा बोटानं हलकेच चोळत बसलो.