खरी चापट

सण्णकन चापट बसली... आणि मैनाबाईंच्या डाव्या कानात काहीतरी फाटलं! हातातलं सूप निसटलं, निवडलेली तूर अंगणभर पांगली, डोळ्यांपुढे अंधारी आली. तरी त्या माउलीने आधी सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. आचल हसत होती.

"आई, एकदम खरी वाटली जी! पयल्या तीन सेकंदातच चापट, आता लोकं थांबतेच!" मग मोबाईलवरून नजर उचलून ती दचकली. "रक्त कायचं?"

"काई नाई... कानातली बाळी रुतली असन," मैनाबाईंनी कानावर पदर दाबला.

काय करणार बिचारी! मागच्या वर्षी सातव्या महिन्यात आचलचं बाळ पोटातच गेलं, आणि बावीस वर्षांची ही पोर भिंतीकडे तोंड करून पडली ती पडलीच. नवरा नितेश अकोल्याला मोटारींच्या गॅरेजात. महिन्याकाठी मोर्शीजवळच्या या गावी यायचा, मुक्याने जेवून जायचा. एकदा तर तिच्या हातातून फवारणीचं औषध मैनाबाईंनी हिसकावून घेतलं होतं! मग शेजारच्या पौर्णिमाच्या नादाने तिने सासू-सुनेच्या भांडणाचे व्हिडिओ सुरू केले, आणि अकरा महिन्यांनी त्या घरात हसू ऐकू आलं. पण लोकांची तऱ्हा बघा! सासूने सुनेला मारलं की बोटाने पुढे सरकवायचे, सुनेने सासूला मारलं की थांबायचे, आणि वरून लिहायचे, 'चापट खोटी आहे, आवाज मागून टाकला.' ते वाचून आचल पुन्हा मलूल झाली, तेव्हा मैनाबाईच म्हणाल्या होत्या, "खरीच मार मले."

आठवडाभरात ती चापट चार लाख लोकांनी पाहिली. त्यांतलंच एक गिऱ्हाईक गॅरेजात मोबाईल पुढे करून नितेशला म्हणालं, "हे तुह्यी माय नाई का बे?"

तिसऱ्या प्रहरी नितेश दारात उभा राहिला तो डोळ्यांत रक्त घेऊनच. "आई!" त्याने हाक दिली. "आई!!" मैनाबाई दाराकडे डावी बाजू करून चुलीपाशी पोळ्या लाटत होत्या, त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. आई रुसली, असं समजून तो आणखीच पेटला. त्याने आतून आचलला केसांना धरून फरफटत आणलं, खांबावर आपटलं, तिच्या ओठातून रक्ताची धार लागली. "माह्या मायले मारतं? लोकाईले दाखवासाठी मारतं?" लाथ उचलली गेली...

आचलची किंकाळी मात्र मैनाबाईंच्या उजव्या कानात शिरली. जिच्याने कधी मांजरावर हात उचलला नाही, ती बाई लाटणं घेऊन पोटच्या पोरावर धावली! एक, दोन, तीन... त्याच्या मनगटाचं हाड वाजलं तरी थांबली नाही.

"सोड तिले! नाईतर डोक्सं फोडीन तुह्यं!"

नितेश हात धरून मटकन खाली बसला. "तुह्यासाठीच आलो न, माय... दारातून गळा फाडून हाका मारल्या, तू ओ बी नाई दिली!"

मैनाबाईंनी मान फिरवून उजवा कान त्याच्याकडे केला. आचलने रक्ताळलेलं तोंड वर केलं. इतक्या दिवसांत आई सारखं तोंड फिरवून 'काय वं?' का विचारत होत्या, डाव्या कुशीवर झोपायचं का सोडलं होतं... ती बाळी... ते रक्त!

"आई, तुमाले डाव्या कानानं..."

"गेला तो. त्याच दिवशी."

"मले सांगतलं काऊन नाई जी?" पोरीने हंबरडा फोडला. सासूचा हात धरून ती आपल्याच गालावर मारू लागली. "मारा मले! मारा न!"

"सांगतलं असतं, त तू पुन्हा भिंतीकडे तोंड केलं असतं," मैनाबाईंनी तिचे हात धरून ठेवले. "मले ते पाहवत नोतं माय... कान गेला त गेला, एक लेकरू त घरातून गेलंच होतं!"

नितेश ढसाढसा रडला. वर्षभर तो त्या बाळासाठी रडलाच नव्हता. सरकत सरकत तो बायकोपाशी आला, आणि पाठीवर हात ठेवायचीही त्याची हिंमत होईना. "चुकलो मी... तुह्याजवळ कधी बसलोच नाई." आचलने त्याच्याकडे पाहिलं नाही, पण सुजलेलं मनगट पाहून आपला पदर फाडला आणि बांधला.

मोबाईल वाजला. कोणीतरी लिहिलं होतं, 'पुढची चापट कधी?' आचलने तो व्हिडिओच पुसून टाकला. मग उठून सासूच्या उजव्या बाजूला जाऊन बसली, कानाशी तोंड नेलं.

"आई, ऐकू येते?"

"येते न वं. पण हासून बोल... त्याचसाठी एक ठेवला हाये."