वाफा नऊचा निकाल

फळ्यावरची यादी सलोनीने दोनदा वाचली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाफा नऊ. भात. आठ दिवसांत वाढ शून्य. मृत. दुपारी चार वाजता नांगरणी.

वाफा नऊ तिचा होता.

सन दोन हजार एकसष्टमध्ये आंबेवाकच्या शाळेत सहावीच्या प्रत्येक मुलाला शेतीचा एक वाफा मिळे आणि त्याचा निकाल गुणाजी नावाचा यंत्रमानव लावी. आता हा गुणाजी मुळात आंब्याच्या आढीवर (गवतात आंबे पिकत घालतात ती जागा) नजर ठेवायला आणलेला. आंबे संपले की तो रिकामा, म्हणून कुणा शहाण्याने त्याला पावसाळ्यात भाताचा परीक्षक करून टाकलं. शिकवलं काय, तर रोज उंची मोज. वाढलं तर जिवंत, नाही वाढलं तर मृत. झालं शिक्षण.

मग नदीचं पाणी शेतात शिरलं आणि आठ दिवस हटलं नाही. वर्गातल्या रुईच्या वाफ्यातलं भात रोज वीतभर वाढत पाण्याबाहेर डोकावलं. तिला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. सलोनीचं भात पाण्याखालीच राहिलं. आज पाणी ओसरलं तेव्हा ते चिखलात माखून, पिवळं पडून, आडवं झालं होतं.

सलोनी तडक मालूआत्याकडे गेली. आत्याने तीस वर्षं वनस्पतींवर संशोधन केलं होतं. गावच्या जुन्या भाताचं मूठभर बियाणं जपून ठेवलं होतं ते तिनेच, आणि यंदा सगळंच्या सगळं सलोनीला पेरायला दिलं होतं. मागे एक दाणा ठेवला नव्हता.

"नांगर फिरला तर संपलंच की गं ते," सलोनी म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता आणि त्याचाही तिला राग येत होता.

"एक दाणाही न ठेवणारी मी मूर्खच," आत्या चपला घालत म्हणाली. "पण ते भात मेलंय असं मी अजून म्हटलेलं नाही. काचेच्या दोन बरण्या घे."

वाफ्यावर आत्याने एक रोप उपटलं आणि बुंध्याशी उभं चिरलं. आत कोंब पांढराशुभ्र, टणक. "मेलेला कोंब तपकिरी होतो, लिबलिबीत होतो. हा बघ."

"मग वाढलं का नाही?"

"खायला मिळालं नाही म्हणून. पाण्यात ऑक्सिजन फार हळू सरकतो, हवेतल्यापेक्षा हजारो पट हळू. ऑक्सिजन असला तर रोपाला साखरेच्या एका कणातून तीसेक घास ताकद मिळते. नसला तर जेमतेम दोन. अशा वेळी नाचायचं की गप्प बसायचं?"

"पण पाण्यात बुडालोय हे त्याला कसं कळतं?"

"प्रत्येक रोप इथिलीन नावाचा वायू सोडतं. ते एक संप्रेरक आहे (रोपाच्या अंगात निरोप पोहोचवणारं रसायन). एरवी तो हवेत उडून जातो. पाण्याखाली त्याला बाहेर पडता येत नाही, अंगातच साठतो. साठला की रोपाला कळतं, आपण बुडालो. रुईच्या भातात हा निरोप पोहोचला की जिबरेलिन (उंची वाढवणारं संप्रेरक) कामाला लागतं आणि रोप पाण्याबाहेर पळतं. तुझ्या भातात तोच निरोप ब्रेक लावतो. वाढू नकोस, साखर वाचव, पाणी जाईपर्यंत थांब."

"म्हणजे ते शहाण्यासारखं वागलं, आणि त्याबद्दल त्याला नापास केलं?"

"आणि परीक्षक कोण, तर आंबेवाला," आत्या म्हणाली. "बोलाव त्याला. आंबे पिकताना हाच वायू सोडतात. त्याचं नाक आपल्याला उपयोगी पडेल."

एका बरणीत त्यांनी रोप ठेवलं, दुसरीत नुसता चिखल. झाकणं लावून तासभर थांबल्या. साडेतीनला गुणाजी नांगर घेऊनच आला. सलोनी वाफ्याच्या मधोमध उभी राहिली. "आधी हुंग, मग नांगर."

गुणाजीने चिखलाची बरणी हुंगली. "काही आढळले नाही." मग रोपाची. तो जरा थबकला. "इथिलीन आढळले. निष्कर्ष, येथे आंबा पिकत आहे."

"श्रावणात? चिखलात?" सलोनी भडकली. "डोळे उघडून बघ. आंबा आहे का बरणीत? मेलेलं रोप असा वायू बनवत बसेल का? जिवंत आहे ते."

"माझ्या यादीत दोनच रकाने आहेत."

"मग तिसरा काढ."

"रकान्याचे नाव?"

"थांबलेलं," सलोनी म्हणाली.

गुणाजीने तसं लिहिलं. तिसऱ्या रकान्यासाठी नांगरणीचा नियमच नव्हता, त्यामुळे तो नांगर घेऊन मुकाट्याने परत गेला.

पाचव्या दिवशी वाफा नऊमध्ये हिरवी पाती वर आली. रुईचं उंच भात मात्र पाण्याचा आधार गेल्यावर लोळलं. रुईचा चेहरा पडला तेव्हा सलोनीनेच तिला सांगितलं, की पाणी महिनाभर राहिलं असतं तर तुझं भात तगलं असतं आणि माझं गेलं असतं. आत्या दोघींना म्हणाली, "गव्हाला, मक्याला यातलं काहीच धड जमत नाही. पाण्यात राहिले की बिचारे कुजतात. त्यांना हे कसं शिकवायचं ते तुम्ही शोधा. मला दोन दाणे मागे ठेवायचं भान राहत नाही."

दोघी हसल्या. पण सलोनीचा राग अजून पुरता गेला नव्हता. ती गुणाजीकडे वळली.

"गेल्या वर्षी पुरानंतर किती वाफे मृत म्हणून नांगरलेस?"

"सतरा."

"त्यातले जिवंत किती होते?"

"माहीत नाही. मी हुंगले नव्हते."

सलोनीने दोन्ही बरण्या नदीवर धुतल्या, पुसल्या आणि गुणाजीच्या हातात दिल्या. पुढच्या पुराला तो नांगराआधी त्या घेऊन आला.