कुलूप उघडेपर्यंत

मी चुकीचं दार ढकललं आणि अंधारातून कुणीतरी ओरडलं, “दार लावा, उजेड येतोय!”

लावलं. खरं तर बाहेर राहून लावायला हवं होतं... पण पडद्यावर एक बाई जीव ओतून गात होती आणि पडद्यासमोर एक दाढीवाला चक्क डोळे पुसत होता.

“रडताय?”

“छे, डोळ्यात काहीतरी गेलं.”

“दोन्ही डोळ्यांत?”

तो हसला आणि मी तिथेच गारद झाले.

तो संकलक निघाला आणि मी सबटायटल लिहिणारी. काम एकच — चित्रित केलेला ऑपेरा. नवऱ्याला तळघरात डांबलेलं, बायको पुरुषाच्या वेशात त्याच तुरुंगात नोकरी धरते आणि त्याला सोडवते. दिग्दर्शिका याची सख्खी आत्या. त्या सुरांत आम्ही शेजारी शेजारी बसायचो, आणि बाहेर दिवस कधी मावळायचा ते कळायचंच नाही.

शेवटच्या दिवशी मात्र भांडलो. ऑपेराच्या शेवटी बायकोच्या हातात किल्ली देतात, बेडी तिनेच काढायची. पण चित्रीकरणात कुलूप अडकलं होतं. गाणं थांबलेलं, नुसती वाद्यं वाजतायत, ती खटपट करतेय, आणि नवरा झालेला गायक हळूच तिच्या कपाळावरचे केस मागे सारतोय...

“हे कापतो,” तो म्हणाला. “शेवट कसा सुटसुटीत हवा.”

“खबरदार! सगळं प्रेम तिथेच आहे.”

“कुलपात?”

“तुम्हाला नाही कळायचं.”

उद्या तो दुसऱ्या शहरातल्या स्टुडिओत रुजू होणार होता. मला तो इथेच हवा होता, शेजारच्या खुर्चीत, कायमचा. पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ!

तो चहा आणायला गेला. ओळ पडद्यावर कशी दिसते ते बघायला आम्ही सबटायटलवाले मनाला येईल ते लिहितो, मग पुसतो. कुलपाच्या दृश्याखाली मी लिहिलं, ‘उद्या जाऊ नका.’ वाचून स्वतःच लाजले. तेवढ्यात तो आला, कप देताना बोटांना बोटं लागली... आणि पुसायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी आत्यांना सगळं दाखवायला बसलो. बेडी दिसली आणि मला आठवलं! देवा, यानं ते दृश्य कापलेलं असू दे!

कापलं नव्हतं. कुलूप अडकलं, तिचे केस मागे गेले, आणि खाली उमटलं — ‘उद्या जाऊ नका.’

आत्या पुढे वाकल्या. “इथे तर कुणीच गात नाही. मग हे म्हणतंय कोण?”

मी अंधारात चपला शोधायला लागले. इतक्यात आणखी एक ओळ आली, मी न लिहिलेली — ‘थांब म्हणणारं कुणी नव्हतं, म्हणून निघालो होतो.’

मान वळवायचा धीर होईना. त्याचा हात माझ्या हातावर आला.

“आत्या,” तो म्हणाला, “मी उद्या जात नाहीये.”

“वाचलं मी,” आत्या म्हणाल्या. “कुलूप राहू दे. त्या दोन ओळी तेवढ्या पुसा... आणि दिवा मी जाताना लावते, तोवर बसा तसेच.”

पुसल्या आम्ही. दोघांनी मिळून, अगदी सावकाश.